ठासणीची बंदूक विकणे आहे

ओएलएक्सवर बंदूक विकता येत नाही. सोफा जातो, ट्रेडमिल जाते, आजीचा तांब्याचा बंब तर फोटो टाकल्या टाकल्या गेला, पण बंदूक नाही, आणि ते बरोबरच आहे म्हणा. आमची गिरगावातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तीन वर्षं (म्हणजे पाच धरा) भाड्याच्या वन बीएचकेत काढायची ठरली, आणि घरातल्या एकेका वस्तूपुढे उभं राहून "हिचं काय करायचं?" असं विचारायची वेळ आली, तेव्हा बाकी सगळ्यांचं काहीतरी उत्तर निघालं. हिचं निघेना.

ही म्हणजे कार्बाइन, आखूड नळीची बंदूक. ठासणीची, टोपीवर चालणारी, लांबी तीन फुटांपेक्षा जरा जास्त, नळी २१ इंच, वजन तीन किलोच्या आसपास. घरात तिला कार्बाइन कोणी म्हणत नसे, नुसतं "बंदूक", कारण दुसरी नव्हतीच. खापरपणजोबांकडून पणजोबांकडे, मग आजोबांकडे, मग बाबांकडे, आणि बाबा गेल्यावर वारस म्हणून लायसन्स माझ्या नावावर. आजोबांच्या काळात लायसन्सचं कारण शेतीचं संरक्षण, आमच्या तळकोकणात आजही रानडुकरं आणि माकडांपायी ठासणीच्या बंदुकांची लायसन्सं आहेत, आणि निवडणूक आली की त्या बंदुका पोलीस स्टेशनात जमा करायला लाइन लागते. पण गिरगावात कुठली शेती आणि कुठली डुकरं? बाबा तरी दर निवडणुकीला इमानदारीत ती चादरीत गुंडाळून, लायसन्सचं पुस्तक खिशात ठेवून, टॅक्सीनं जमा करायला जायचे आणि निकाल लागला की परत आणायचे. आई म्हणायची, मतदान एकवेळ चुकेल यांचं, पण हे चुकणार नाही.

आणि हिला गोष्ट होती. १८५७ साली कोल्हापूरकडे पलटण उठली (हे खरं आहे, २७व्या नेटिव्ह इन्फंट्रीचे शिपाई ३१ जुलैला उठले होते), त्या धामधुमीत आमच्या खापरपणजोबांनी आंबोली घाटात एका गोऱ्या सोजिराला गाठला, त्याला आडवा केला आणि ही बंदूक हिसकावून आणली. संपली गोष्ट. लहानपणी एवढी पुरायची. दर खंडेनवमीला बंदूक खाली काढायची, आजी चिंच आणि राख घेऊन तिचं पितळ आणि लोखंड असं काही घासायची की ट्यूबलाइटमध्ये चकाकायचं, मग हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि मग आबाकाकाची गोष्ट. आबाकाका म्हणजे बाबांचा मोठा भाऊ, आता पंच्याहत्तरीला टेकलाय, पण आंबोलीच्या घाटात उतरला की आवाज अजून तसाच. पुढे मोठेपणी एकदा मी सहज हिशोब केला तर १८५७ साली खापरपणजोबा फार तर रांगत असतील असं निघालं. मी तो हिशोब स्वतःपाशीच ठेवला. खंडेनवमीला कशाला उगाच.

आता माझी थोडी ओळख द्यायला हवी, नाहीतर कळणार नाही की गिऱ्हाईकं आली कुठून. मी कुलपं जमवतो. जुनी, पितळी, लोखंडी, पेचाची, बिनचावीची, बायको ज्यांना भंगार म्हणते ती. त्या नादानं शुक्रवारी पहाटे चोरबाजाराकडे जायला लागलो, शुक्रवारी तिथली दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुना बाजार भरतो, आणि तिथे वर्षानुवर्षं तेच तेच चेहरे भेटत राहतात. एक डॉक्टर, पार्ल्याचे, रिटायर झालेले, जुन्या बंदुका आणि त्यांची दारू ठेवायच्या शिंगांचे तज्ज्ञ. एक दादर पारशी कॉलनीतले बावाजी, त्यांना घड्याळांपासून घोड्याच्या नालांपर्यंत सगळं चालतं. एक पुण्याहून येणारे, त्यांना प्रत्येक वस्तू शिवकालीन हवी असते. आम्ही एकमेकांच्या घरी फारसे गेलेलो नाही, एकमेकांच्या मुलांची नावं माहीत नाहीत, पण कोणाकडे काय आहे आणि ते त्यानं कितीला घेतलं हे बरोब्बर माहीत असतं. (कितीला घेतलं म्हणून सांगतो हे वेगळं, आणि खरं कितीला घेतलं हे वेगळं, तेही माहीत असतं.)

विकायची तर यांच्यातच, हे माझ्या मनात पक्कं होतं. मधे एका ओळखीच्या ओळखीतून एक इंटिरियर डेकोरेटर आला होता, जुहूच्या कुठल्याशा रेस्टॉरंटच्या भिंतीवर क्रॉस करून लावायला त्याला दोन बंदुका हव्या होत्या, आणि आमची एकच आहे म्हटल्यावर त्यानं विचारलं की हिची कॉपी करून मिळेल का. लायसन्स वगैरे शब्द त्यानं पहिल्यांदाच ऐकले असावेत. त्याला मी चोरबाजाराचा रस्ता दाखवला. तिथे टॉवरचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश सरकारी बंदुकांवरचा, शिक्का मारलेल्या, मातीत पुरून आणि अॅसिड लावून म्हाताऱ्या केलेल्या नव्याकोऱ्या बंदुका मिळतात, रेस्टॉरंटला त्या झकास, कोणाचं काही बिघडत नाही.

पण आपल्याच लोकांना विकायचं म्हणजे सोपं, असं नाही. कायदा मधे असतो. १९५९चा शस्त्र कायदा, त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं, वारशानं आलेल्या धरून. म्हणजे ज्यांना खरी आवड त्यांचे दोन्ही कोटे आधीच भरलेले! मग २०२०च्या नियमांत असं आलं की क्युरिओ प्रकारातली जुनी शस्त्रं नुसती घरात ठेवायला लायसन्स नको, मात्र वापरायची, घेऊन फिरायची किंवा इकडून तिकडे न्यायची तर हवं. आता ही बंदूक क्युरिओ आहे की नाही यावर आमच्या मंडळींत पाच माणसांची सहा मतं. शेवटी वकील म्हणाले, बाबा रे, तुझी आधीपासून लायसन्सवर चढलेली आहे, तू सरळ रस्त्यानं जा, लायसन्सवाल्यालाच वीक.

न्यू जर्सीचा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, इथे पाठव ना, इथे १८९८ आणि त्याआधीच्या बंदुकांना फेडरल कायदा बंदूक मानतच नाही, डॉलरमध्ये मिळतील. त्याला सांगावं लागलं की राजा, शंभर वर्षांपुढची वस्तू देशाबाहेर पाठवायला १९७२च्या पुरावशेष कायद्यानं बंदी आहे, आणि मूर्ती चोरणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायची माझी इच्छा नाही. शिवाय तिकडे या मालाची टंचाई कुठे आहे? २००३ साली काठमांडूचा लगन सिलेखाना, म्हणजे राणांचं जुनं शस्त्रागार, अख्खंच्या अख्खं अमेरिकन व्यापाऱ्यांनी उचललं, पन्नास हजारांच्या वर जुन्या बंदुका. तिथल्या बाजारात आमची एक म्हातारी जाऊन काय करणार होती.

तर डॉक्टर आले. त्यांच्याकडे एक जागा रिकामी होती, म्हणजे लायसन्सवर. येताना पिशवीतून त्यांनी काय आणलं असेल? भिंग, व्हर्नियर कॅलिपर, टॉर्च, आणि एक लांब गुळगुळीत लाकडी काठी. आईनं पोहे केले होते, आबाकाका मुद्दाम बोरिवलीहून आला होता आणि डॉक्टर बसायच्या आधीच आंबोली घाटात पोचला होता. डॉक्टरांनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं, पोहे संपवले, हात धुतले, पुसले, आणि म्हणाले, "छान. आता गोष्ट जरा बाजूला ठेवू. आधी हत्यार बघू."

आणि बघायला लागले तर पहिलं काय केलं, ती काठी नळीत घातली, पार आत टेकेपर्यंत, तोंडापाशी पेन्सिलीनं खूण केली, काठी बाहेर काढली आणि नळीला बाहेरून समांतर धरली. खूण नळीच्या तोंडाशी. काठीचं दुसरं टोक जिथे पोचायला पाहिजे, म्हणजे मागे निपलच्या (टोपी बसवायच्या बोंडाच्या) खाली, तिथपर्यंत पोचत नव्हतं. चांगलं दोन-अडीच बोटं अलीकडेच थांबत होतं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आत काहीतरी आहे."

आता ठासणीच्या बंदुकीत "काहीतरी" म्हणजे काय, हे कळायला तिचं काम कसं चालतं ते माहीत हवं. पुढून दारू ओतायची, वर गोळी, गजानं ठासायची. मागे निपलवर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपीतला मसाला फुटतो, ती आग निपलच्या भोकातून आत दारूपर्यंत, आणि बार उडतो. आणि काळी दारू, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५ आणि १० या प्रमाणात, ही चीज म्हातारी होत नाही. कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. जगभर जुन्या बंदुका भरलेल्याच्या भरलेल्या सापडतात, भिंतीवर टांगलेल्या, म्युझियममधल्या. आणि आम्ही हिला दर खंडेनवमीला पाटावर निजवून तिच्या तोंडासमोर निरांजन ओवाळत होतो.

आईनं काही न बोलता पोह्यांच्या बशा उचलल्या आणि आत गेली. आबाकाका मात्र खूश. "बघ! सोजिरानं भरलेली, झाडायच्या आत आपल्या माणसानं हिसकावली!"

डॉक्टरांनी निपलवर चिकटपट्टी लावली, घोडा खाली आहे ना ते बघितलं, आणि सांगितलं की हिला हात लावायचं काम आपलं नाही, परवानाधारक कारागिराकडे न्यायची. मग लायसन्स, चादर आणि टॅक्सी, बाबांची परंपरा. तो कारागीर म्हणजे एकदम कमी बोलणारा माणूस. त्यानं आधी निपलमधून आणि पुढून तेल सोडलं, ते मुरू दिलं, मग निपल काढली, गजाच्या टोकाला पेच लावून हळूहळू खरवडायला लागला. पहिली माती आली. लाल, कडक, बोटाएवढ्या नळीच्या आकाराची. कुंभारीण माशीचं घर! गावच्या घरात खुंटीवर टांगलेली बंदूक म्हणजे कुंभारणीला तयार ब्लॉकच की. ती माती सगळी निघाली, आणि मग नळी उलटी करून मागून ठोकल्यावर टेबलावर टक्कन पडली ती एक गोटी. काचेची, हिरवट, आत पांढरी पट्टी.

मी फोटो काढून आबाकाकाला पाठवला. पाचव्या सेकंदाला फोन. "मेल्या, माझी गोटी ती!"

मे महिन्याच्या सुट्टीत, सात-आठ वर्षांचा असताना, आत टाकल्यावर पलीकडून निघते का बघायला त्यानंच ती नळीत सोडली होती, निघाली नाही म्हणून रडला होता, आणि सांगितलं तर आजोबा बडवतील म्हणून कोणाला बोलला नव्हता. त्यानंतर बंदूक कोणी कधी उडवलीच नाही, टोप्या मिळेनाशा झाल्या होत्या, आजोबा गिरणीत लागले होते. सत्तरच्या आसपास वर्षं आमचं घराणं एका गोटीनं भरलेल्या बंदुकीची पूजा करत होतं.

इथपर्यंत नुसती गंमत. पण डॉक्टरांना फोन करून सांगितलं तर ते हसले नाहीत, त्यांनी विचारलं, "गोटी सहज गेली होती का आत? अडकली वगैरे नव्हती?" मी म्हटलं, अहो मुलानं टाकलेली, सहजच गेली असणार. तर म्हणाले, "मग ती रायफल नाही. मापायलाही नको, पण मापू."

साधी गोटी १६ मिलीमीटरची असते. एन्फील्डची ती प्रसिद्ध रायफल, १८५३ची, चरबीच्या काडतुसांवरून सगळं रामायण झालं ती, तिच्या नळीचं भोक पॉइंट ५७७ इंच, म्हणजे साडेचौदा मिलीमीटरच्या जरा वर. तिच्यात गोटी जाणारच नाही. घोडेस्वारांसाठी १८५६ची जी छोटी कार्बाइन निघाली तिचंही भोक तेवढंच. आमच्या नळीचं माप डॉक्टरांच्या कॅलिपरवर साडेसोळाच्या पुढे भरलं, आणि टॉर्चच्या उजेडात आत एकही आटा, म्हणजे रायफलच्या नळीत असते तशी पेचदार खाच, नाही, एकदम गुळगुळीत.

आणि गुळगुळीत का, तर ही खरी गोष्ट, जी आम्हाला कोणी सांगितली नव्हती. १८५७ नंतर सरकारनं ठरवलं की नेटिव्ह शिपायाच्या हातात गोऱ्याच्या तोडीचं हत्यार द्यायचं नाही. दिसायला एन्फील्डच, तोच दस्ता, तोच घोडा, पण नळी रुंद आणि आतून सपाट. आटे असलेल्या नळीतून गोळी फिरत जाते म्हणून लांबवर नेम लागतो, सपाट नळीतून ती शंभर यार्डांच्या पुढे कुठे जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. गोऱ्या पलटणीला रायफल, काळ्या पलटणीला आणि पोलिसांना ही. पुढे १८६६मध्ये गोऱ्यांकडे मागून काडतूस घालायची स्नायडर आली, १८७१ला मार्टिनी-हेन्री आली, तरी आपली माणसं पुढून ठासतच होती. अविश्वास हा शब्द इतिहासाच्या पुस्तकात किती वेळा वाचला असेल, पण तो असा मिलीमीटरमध्ये मोजता येतो हे मला त्या दिवशी कॅलिपर बघताना कळलं.

पुढचं काम भिंगाचं. लॉकच्या, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्राच्या, पट्टीवर मुकुट, त्याखाली व्ही आर, म्हणजे व्हिक्टोरिया राणी, हे दिसत होतं. साल दिसत होतं १८६ आणि चौथ्या आकड्याच्या जागी गुळगुळीत. डॉक्टरांनी तिथे बोट फिरवलं आणि इतक्या दुःखानं विचारलं, "हे घासलं कोणी?" की आई दारातूनच म्हणाली, "सासूबाईंनी. चिंचेनं. का हो?" बंदुका जमवणाऱ्या लोकांना जुन्या लोखंडाचा तपकिरी-काळा थर जीव की प्राण, तो घालवणं म्हणजे पाप, शिक्के पुसले म्हणजे महापाप. आणि आमच्या घरात घासणं म्हणजे पूजा. आईनं त्यांना दुसरा चहा आणून दिला, सॉरी म्हणायचं काही कारण तिला दिसलं नाही, आणि मला विचाराल तर मलाही नाही. घासली म्हणून तर गंजली नाही, कोकणातल्या पावसात नुसती थर राखत टांगून ठेवली असती तर डॉक्टरांना बघायला फक्त खिळे उरले असते.

नळीवर एका जागी मात्र चिंच पोचली नव्हती, लाकडाच्या कडेला. तिथे बाणाची खूण आणि तिच्याखाली आय, म्हणजे इंडियाचा सरकारी माल. आणि तिच्या शेजारी दोन बाण, टोकाला टोक लावून समोरासमोर. डॉक्टरांनी भिंग माझ्या हातात दिलं. "हे बघ. एक बाण म्हणजे मालकी सरकारची. असे दोन समोरासमोर म्हणजे सरकारनं विकून टाकली. सर्व्हिसमधून बाद, विक्री, पैसे वसूल."

म्हणजे हिसकावलेली नव्हती. बंडाच्या नंतरची होती, नेटिव्हासाठीच बनवलेली होती, आणि सरकारनं भंगारात काढल्यावर कोणीतरी, बहुतेक खापरपणजोबांनीच, चार पैसे मोजून घेतली होती. सेकंडहँड.

मी आबाकाकाकडे बघितलं नाही. डॉक्टरही मुद्दाम भिंग पुसत बसले. खरं सांगतो, मला त्या क्षणी वाईट वाटायला हवं होतं आणि मला हलकं वाटत होतं. हिसकावलेली बंदूक विकणं म्हणजे काहीतरी गहाण टाकल्यासारखं होतं, घाटात कोणीतरी जीव धोक्यात घालून आणलेली वस्तू मी रिडेव्हलपमेंटच्या भाड्यापायी विकतोय, असं काहीबाही रात्री मनात यायचं. पण लिलावातून आणलेली वस्तू? ती विकता येते. आणणाऱ्यानं ती व्यवहारानं आणली, डुकरं हाकलायला आणली, भाव केला असेल, नळीत डोकावून बघितलं असेल, घरी येऊन बायकोला किंमत कमी सांगितली असेल. माझ्या शुक्रवारच्या मंडळींतलाच माणूस तो! आंबोलीच्या घाटातल्या वीराशी माझं कधी जमलं नसतं, पण याच्याशी चहा प्यायला बसलो असतो.

१८५७चं खरं काय झालं ते मुंबईतही झालंय, इथेच, चालत जाण्यासारख्या अंतरावर. १५ ऑक्टोबर १८५७ला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना एस्प्लनेडवर, आजच्या आझाद मैदानाच्या भागात, तोफेच्या तोंडी दिलं. आम्ही त्या मैदानाला वळसा घालून ट्रेन पकडतो, कितीजणांना ही नावं माहीत आहेत? घरोघरी मात्र एकेक सोजीर आडवा झालेला आहे. तेवढे सोजीर खरंच आडवे झाले असते तर इंग्रज १८५८लाच बोटीत बसले असते, असं मी एकदा आबाकाकाला म्हणालो होतो आणि त्या दिवाळीला त्यानं मला फराळाचा डबा पाठवला नव्हता.

भावाचं थोडक्यात सांगतो. पुण्याच्या सद्गृहस्थांना मधल्या मधे बातमी लागली, त्यांनी डॉक्टरांपेक्षा जास्त देऊ केले, पण अट अशी की आंबोलीची गोष्ट स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायची. म्हणजे गोष्टीलाच भाव होता, बंदूक तिच्यासोबत फुकट. मोह झाला का? झाला. चांगला आठवडाभर झाला, भाड्याच्या घराचं डिपॉझिट समोर दिसत होतं. पण ज्या माणसाला दोन बाण दाखवायचे नाहीत त्याला बंदूक विकायची म्हणजे पुढच्या शुक्रवारी त्याच्या तोंडाकडे कसं बघायचं. डॉक्टर ४०,००० वर अडले, मी पन्नासवर, तेव्हा बावाजी मधे पडले. त्यांना घ्यायची नव्हती, पण व्यवहारात बसायला त्यांना आवडतं. "अरे डिकरा, बेचाळीस कर आणि काठीवाल्याला गोटी पण दे," म्हणाले. आणि मग टोपीची सुरुवात कुठून झाली ते सांगायला लागले, फोर्सिथ नावाचा एक स्कॉटिश पाद्री, शिकारीचा शौकीन, चकमकीच्या बंदुकीत आधी भप्पकन जाळ होऊन मग बार उडायचा तोपर्यंत पक्षी पसार, म्हणून वैतागून त्यानं स्फोटक मसाल्यानं बार पेटवायची युक्ती काढली आणि १८०७ला पेटंट घेतलं. "धर्माचं काम सोडून पक्ष्यांच्या मागे, बघ ना," बावाजी दर वेळी इथे हसतात. बेचाळीसला ठरलं. गोटी मी दिली नाही, ती माझी नव्हतीच.

पण ठरलं म्हणजे झालं नाही. लायसन्सवरची बंदूक खाजगी विकायची तर आधी पोलिसांना लेखी कळवायचं, कोणाला विकतोय त्याच्या नावपत्त्यासकट, आणि मग ४५ दिवस थांबायचं. त्याआधी द्यायची नाही. आमच्या ऑफिसात याला नोटीस पिरियड म्हणतात आणि त्या काळात माणूस जसा वागतो, सगळी कामं उरकल्यासारखा आणि कशातच नसल्यासारखा, तशी ती बंदूक घरात होती. खोकी भरली जात होती, भिंती मोकळ्या होत होत्या, आणि ती कपाटात उभी, विकली गेलेली पण गेली नाही अशी. मी रात्री ती काढून बघायचो. आधी कधी एवढी बघितली नव्हती. नळीखालचा गज एका छोट्या कडीनं नळीला अडकवलेला आहे, सुटा होतच नाही, हे डॉक्टरांनी सांगेपर्यंत मला वाटायचं की अडकलाय. तो मुद्दाम तसा असतो. कार्बाइन हे स्वाराचं हत्यार, घोड्यावर बसून ठासताना गज हातातून निसटला तर खाली उतरून शोधणार कोण. दस्त्यावर एका जागी लाकूड झिजून खोलगट झालंय, उजव्या गालाच्या जागी. कोणाचा गाल ते कळायला मार्ग नाही. सरकारी स्वाराचा असेल, आमच्या पणजोबांचा असेल. मी लावून बघितला, मला बरोबर बसत नाही, मी चष्मा लावतो.

आईला वाटत होतं घरातलं शस्त्र विकू नये, अपशकुन असतो. पण मग तिनंच तोडगा काढला, विकायच्या आधी एकदा पूजा करून घ्यायची, खंडेनवमी लांब होती तरी. चिंच मात्र लावू दिली नाही मी. डॉक्टरांना शब्द दिला होता. अळशीचं तेल लाकडाला आणि बंदुकीचं तेल लोखंडाला, डॉक्टरांनीच पाठवलेलं. आईनं तेलकट लोखंडाला कुंकू लावायचा प्रयत्न केला, ते चिकटलं आणि पसरलं, ती म्हणाली यापेक्षा चिंच बरी होती.

मुदत संपली, कागद झाले, चेक वटला, माझ्या लायसन्सवरची नोंद निघाली, डॉक्टरांच्या लायसन्सवर चढली. डॉक्टरांकडे प्रत्येक वस्तूचं एक कार्ड असतं, टाइप केलेलं, आणि त्यावर "पूर्वइतिहास" असा रकाना. त्यांनी मला मजकूर वाचून दाखवला: भारत सरकारच्या मालकीची, नेटिव्ह दलांसाठी, साल १८६०चं दशक, सरकारी विक्रीतून खाजगी मालकीत, नंतर तळकोकणातल्या एका कुटुंबात पाच पिढ्या. मी म्हटलं, बरोबर. सोबत आबाकाका होता, तो म्हणाला, अजिबात बरोबर नाही.

मला वाटलं आता भांडण होणार. पण डॉक्टर मोठे मुरलेले. म्हणाले, "आबासाहेब, कार्डावर मी जे सिद्ध होतं तेच लिहिणार. पण घरात काय सांगत होते तेही मला हवंय, वेगळ्या कागदावर, तुमच्या हस्ताक्षरात. खाली सही करा. मी ते कार्डाच्या मागे लावून ठेवतो." काकाला एवढंच हवं होतं. त्यानं दोन फुलस्केप मागितले, डॉक्टरांच्या डायनिंग टेबलवर बसला, आणि आम्ही दोघं बाल्कनीत त्यांची दारूची शिंगं बघून येईपर्यंत पाठपोट भरून मोकळा झाला. मी वाचलं. घाट होता, पाऊस होता, खापरपणजोबा होते, सोजीर होता. गोटी कुठे नव्हती. मात्र एक गोष्ट नवीन होती, जी मी पन्नास वर्षांत एकाही खंडेनवमीला ऐकलेली नाही. या वेळी तो सोजीर घोड्यावर होता, आणि गज हातातून निसटू नये म्हणून त्याच्या बंदुकीला कडी होती.